सुनेजवळ समुपदेशनाचा विषय कसा काढावा?

शिवाजीपेठ_बाई

नमस्कार. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. ३१ वर्षे एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरात मी, मुलगा, सून आणि अकरा आठवड्यांची नात. सुनेची आई ती कॉलेजात असतानाच वारली, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असली तरी ते आमच्याकडेच झाले.

सिझेरियन होऊन ती घरी आली तेव्हा पहिले आठ-दहा दिवस अधूनमधून रडायची. असे बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते, असे डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून मी निश्चिंत राहिले. शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंग रगडायला बाई, सव्वा महिन्याचे सगळे रीतसर केले. रडणे थांबले; पण त्याच्या जागी जे आले आहे त्याची मला रडण्यापेक्षा अधिक भीती वाटते. ती बाळाचे सगळे वेळेवर करते. मोबाईलवर गजर लावून पाजते, किती मिनिटे पाजले, लंगोट किती वेळा बदलला हे एका वहीत लिहिते, पण पाजताना तिची नजर समोरच्या भिंतीवर असते. रात्री बाळ झोपले तरी ही उठून बसते आणि त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे पाहत राहते. हातात दिलेला चहा तसाच गार होतो. लग्न होऊन आल्यापासून रोज दारात रांगोळी काढणारी मुलगी आता केस विंचरायलाही उठत नाही.

मागच्या रविवारी ती सहज बोलावे तसे मला म्हणाली, "आई, बाळ तुमच्याजवळच चांगलं वाढेल. त्याला माझी खरं तर गरज नाही." मी घाईने म्हणाले, "असं काय बोलतेस? एवढं गोजिरवाणं लेकरू दिलंय देवानं, आणखी काय हवं?" त्यावर ती नुसती हसली आणि आत गेली. ते हसणे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी बोलले ते चुकले हे मला कळते; काय बोलायला हवे होते ते कळत नाही.

जाऊबाईंचे म्हणणे, हा बाळंतवात आहे, कान बांधा, वारा लागू देऊ नका. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली, तीही मी काढली. मुलगा शिरोलीच्या एका फौंड्रीत पाळीवर असतो. त्याला वाटते की रजा संपून ती बँकेत रुजू झाली की आपोआप ठीक होईल. मला तसे वाटत नाही. बाळंतपणानंतर येणारे नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर समुपदेशनाचा उपयोग होतो, इतके मी वाचले आहे. पण मी सासू आहे. "तुला समुपदेशकाकडे नेऊ या" हे वाक्य माझ्या तोंडून निघाले तर सासूने आपल्याला वेडी ठरवले, असेच तिला वाटेल, ही मला धास्ती आहे. शिवाय पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहिले तर संध्याकाळपर्यंत ते तालमीत पोहोचते.

तिच्याजवळ विषय कसा काढावा, आधी कुणाकडे जावे, औषध दिलेच तर ते दुधातून बाळाला बाधते का, आणि तिच्या नोकरीवर याचा काही परिणाम होतो का, हे कुणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगितले तर फार उपकार होतील.

प्राजक्त

बाई, चार वर्षांपूर्वी मी तुमच्या सुनेच्या जागी होते, म्हणून बाकी सगळे बाजूला ठेवून आधी त्या रविवारच्या वाक्याविषयी लिहिते. "बाळाला माझी गरज नाही" हे मीही म्हणत असे. माझ्या मनात त्या वाक्याच्या पुढचे वाक्यही तयार होते, की मी नसलेलीच बरी. ते मी कुणाला सांगितले नाही, कारण मला कुणी विचारले नाही. तुमच्या सुनेच्या मनात ते असेलच असे मी म्हणत नाही, पण अंदाज बांधत बसू नका, तिला स्पष्ट विचारा: "तुला जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरेल, ही समजूत खोटी आहे. मला माझ्या बहिणीने ज्या दिवशी हे विचारले त्या दिवशी, किती आठवड्यांनी तरी, मला श्वास घेता आला. उत्तर "हो" आले तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

विषय काढण्याबद्दल सांगायचे तर "तुला काहीतरी झालंय" अशी सुरुवात करू नका. माझ्या बहिणीने जे पाहिले तेवढेच सांगितले होते: तू रात्री झोपत नाहीस, परवापासून धड जेवली नाहीस, पूर्वी गाणी लावायचीस ती बंद झाली. त्यात दोष नव्हता, म्हणून मला भांडायला काही उरले नाही. तुम्ही तर सुरुवात आणखी सोपी करू शकता. रविवारी मी घाईने बोलले, ते मागे घेते, तू काय म्हणत होतीस ते मला पुन्हा ऐकायचे आहे, एवढे म्हणा. सासूने शब्द मागे घेणे आपल्याकडे किती दुर्मीळ असते हे तुम्हालाही माहीत आहे. त्यानंतर ती बोलेपर्यंत थांबा. ती बोलू लागली की सल्ला देऊ नका आणि तिच्या दिवंगत आईचा दाखला तर मुळीच देऊ नका. बाळंतपणात आई नसणे किती बोचत असेल, ते तिने आजवर तुम्हाला मुद्दामच सांगितले नसेल.

पहिल्या भेटीची मला अतोनात भीती होती. समुपदेशक बाई मातृत्वावर प्रवचन देतील असे वाटले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "सलग किती तास झोपलात?" मला आठवेना. बाळ बरोबर होते, मी तिथेच त्याला पाजले, कुणी हरकत घेतली नाही. पाऊण तासाच्या त्या भेटीत मी बहुतेक वेळ रडले, आणि घरी आल्यावर काहीच बदलले नाही म्हणून चिडले. फरक चौथ्या-पाचव्या भेटीनंतर जाणवू लागला, तोही बारीकसा: एका सकाळी पोह्यांची चव लागली. एक-दोन भेटींनंतर तुमची सून "काही उपयोग नाही" म्हणून जायला नकार देईल, तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

लोकांचे म्हणाल तर शेजाऱ्यांना आम्ही बाळाच्या लसीला जातो असे सांगत होतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस असतेच, त्यामुळे कुणी फार चौकशी केली नाही. पुढे मला त्याची लाज वाटली, पण त्या वेळी ती पळवाट नसती तर मी घराबाहेर पडले नसते.

मनोव्यवहार

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि याच जिल्ह्यात काम करते. न पाहिलेल्या व्यक्तीचे निदान करता येत नाही, हे आधी नोंदवते. मात्र तुम्ही लिहिलेली लक्षणे दोन आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेली आहेत, त्यामुळे तपासणी या आठवड्यातच व्हावी.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा हळवेपणा निम्म्याहून अधिक स्त्रियांना येतो आणि तो दोन आठवड्यांत जातो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितले ते बरोबरच होते. नैराश्य त्यानंतरही टिकते आणि पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकते. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २० हजार मातांची माहिती होती आणि त्यांपैकी २२ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळले. म्हणजे ज्या पेठेत ही बातमी पसरेल अशी तुम्हाला भीती आहे, तिथल्याही अनेक घरांतून हे होऊन गेलेले आहे. फक्त त्याला बाळंतवात म्हटले गेले किंवा काहीच म्हटले गेले नाही. पुन्हापुन्हा श्वास तपासणे, मिनिटांची नोंद ठेवणे यात नैराश्याच्या जोडीला तीव्र चिंताही दिसते, आणि अशा चिंतेत बाळाला काही इजा होईल अशी भयंकर चित्रे आईच्या मनात नको असताना येतात. ती आली म्हणून आई तसे करेल असा अर्थ होत नाही. त्या चित्रांची तिला स्वतःलाच दहशत वाटते, आणि म्हणूनच ती बाळापासून नजर वळवते, असेही मी पाहिले आहे. तिने कधी असे काही सांगितले तर घाबरून बाळ तिच्यापासून दूर नेऊ नका. डॉक्टरांना सांगायला तिच्यासोबत जा.

याहून अगदी वेगळी अशी एक अवस्था असते. हजारात एक-दोन मातांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, झोप लागत नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही, आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र खात्री वाटू लागते, बोलणे असंबद्ध होते. तसे काही दिसले तर ती तातडीची वेळ असते. आई आणि बाळ यांना एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते. तुमच्या लिहिण्यात ही चिन्हे नाहीत, पण ती तुम्हाला ठाऊक असावीत.

आधी कुणाकडे, याचे माझे उत्तर: जिने प्रसूती केली त्या डॉक्टरांकडे. ती पायरी चढताना कुणी पाहिले तरी प्रश्न उरत नाही. तिथे हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, कारण रक्तक्षय आणि प्रसूतीनंतर बिघडणारा थायरॉईड या दोन्हींमुळे असाच थकवा आणि उदासी येते. मनाच्या तपासणीसाठी एडिनबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरली जाते; ती भरायला पाच-सात मिनिटे लागतात. तिच्या गुणांवरून निदान होत नाही, पुढे पाठवायचे की नाही एवढे ठरते. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे आणि एकूण गुण कमी असले तरी त्याच्या उत्तराकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. प्राजक्त यांनी थेट विचारायला सांगितले ते याच कारणासाठी अगदी योग्य आहे.

नंतर सौम्य ते मध्यम नैराश्यात बोलण्याचे उपचार पुरतात, तीव्र असेल तर त्यांच्या जोडीला मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनोविकारांतील पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉक्टर, औषध देतात. आमच्यासारख्यांना औषध लिहिण्याचा अधिकार नाही. "समुपदेशक" अशी पाटी लावणाऱ्यांचे शिक्षण मात्र फार कमी-अधिक असते, म्हणून पहिल्याच फोनवर विनासंकोच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. बोलण्याने आजार बरा होतो यावर घरच्यांचा विश्वास बसत नसेल तर रावळपिंडीजवळच्या खेड्यांत झालेला प्रयोग त्यांना सांगा. तिथल्या साध्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्यग्रस्त मातांशी ठरावीक पद्धतीने बोलायचे, असा तो प्रयोग होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी त्या मातांपैकी २३ टक्केच अजून आजारी होत्या, तर नुसत्या नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. तीच पद्धत पुढे आपल्या शेजारी गोव्यातही वापरून पाहिली गेली.

औषधांविषयी: सर्ट्रालीनसारखी काही औषधे दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात आणि स्तनपान चालू ठेवून ती दिली जातात, म्हणून आपण पाजत आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची सवय लागत नाही, पण बरे वाटले म्हणून मनाने एकदम बंद करू नयेत. तिला किंवा तिच्या रक्ताच्या नात्यात कुणाला पूर्वी अति उत्साहाचे, बेभान होण्याचे झटके येऊन गेले असतील तर तेही सांगा, कारण त्यावरून औषध बदलते.

सीपीआरमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे आणि तिथला खर्च खासगीपेक्षा पुष्कळच कमी असतो. घरातून निघणेच अवघड असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते. नोकरीचे म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. डॉक्टर बँकेला कळवत नाहीत. प्रसूती लाभाच्या कायदेशीर नियमांत २६ आठवड्यांच्या रजेखेरीज प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत जादा रजेची तरतूद आहे. तिच्या बँकेचे नियम त्यासोबत पाहून घ्यावेत.

एक गोष्ट जराशी कठोर वाटेल, तरी लिहिते. भेट तिची असेल. आत ती एकटी जाईल आणि आत काय बोलली ते तुम्हाला कदाचित कधीच कळणार नाही. त्यात तुमच्याविषयी तक्रारही असू शकेल. ते तुम्हाला सोसावे लागेल.

कागलकर

काकू, तुमच्या लिहिण्यात तुमचा मुलगा फक्त पाळीपुरता आला आहे, हे मला खटकले, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या घरात मीही तेवढाच होतो. "कामावर गेली की ठीक होईल" हे वाक्य माझेच. माझी पत्नी आजारी आहे हे मान्य केले तर मला काहीतरी करावे लागेल आणि काय करायचे ते मला येत नाही, अशी ती भीती होती.

आम्हाला समुपदेशकांनी दोघांना मिळून एका भेटीला बोलावले आणि माझ्यावर एकच काम सोपवले: तिला रात्री सलग पाच तास झोप मिळाली पाहिजे. ती नऊ वाजता पाजून दुसऱ्या खोलीत झोपायची, काढून ठेवलेले दूध मी मधल्या वेळी वाटी-चमच्याने पाजायचो आणि दोननंतर बाळ तिच्याकडे. पहिल्या दोन रात्री ती दाराशी येऊन उभी राहिली. तिसऱ्या रात्री झोपली. औषध आणि भेटी चालूच होत्या, तरी तिची सुधारणा त्या झोपेपासून सुरू झाली असे मला मनापासून वाटते.

तुमच्या मुलाला तुम्ही आणि मी दोघे सांगू शकतो. त्याला माझ्याशी बोलायचे असेल तर मी शिरोलीला येऊन भेटेन. फौंड्रीत मीही आहे, पाळ्यांची अडचण मला समजते.

करवीर_आशा

बाई, मी करवीर तालुक्यात आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झाले की आम्ही बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जातो. बाळाचे वजन, ताप, नाळ, आईचे टाके, अंगावरून जाणे, सगळे पाहतो आणि लिहितो. एका घरी सहाव्या भेटीला सगळे ठीक म्हणून मी निघाले, चपला घालताना सहज मागे वळून त्या मुलीला "तू कशी आहेस?" म्हणाले, आणि ती उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडू लागली. तेव्हापासून मी हा प्रश्न आत बसूनच विचारते, आणि सासू चहा करायला उठली की मगच विचारते. राग मानू नका. तुमच्या सुनेलाही असे कुणीतरी मिळायला हवे, मैत्रीण किंवा बहीण, जिच्याशी तुम्ही खोलीत नसताना तिला बोलता येईल. देवाला जाणे, दृष्ट काढणे याला माझी हरकत नाही. फक्त त्यापायी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका.

शिवाजीपेठ_बाई

बारा दिवसांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

त्याच रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि रविवारचे शब्द मागे घेतले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी तो प्रश्न विचारला, प्राजक्त यांनी लिहिला होता तसाच, शब्द न बदलता. ती म्हणाली, "करून घ्यावं असं नाही वाटत, आई. पण झोपेतून उठलेच नाही तर बरं, असं वाटतं." वर्गात कितीही गोंधळ असला तरी माझा आवाज कधी कापला नव्हता, तो त्या वेळी कापला. मुलाला त्या रात्री कामावरून बोलावून घेतले, तिघांनी मिळून १४४१६ वर फोन लावला आणि सकाळी प्रसूतीच्या डॉक्टरांकडे गेलो. थायरॉईड ठीक आहे, हिमोग्लोबिन मात्र ८.९ आले. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. औषध सुरू झाले आहे आणि समुपदेशनाच्या दोन भेटी झाल्या आहेत. आत काय बोलणे होते ते मी विचारलेले नाही. पहिल्या भेटीनंतर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही, तेव्हा "ते सोसावे लागेल" हे वाक्य आठवून गप्प राहिले. तिची एक मैत्रीण आता दर मंगळवारी येते, तेव्हा मी नातीला घेऊन रंकाळ्यावर जाते.

मुलगा रात्री नऊ ते दोन बाळाला सांभाळतो. कागलकर, तो तुम्हाला फोन करणार आहे, तुमचा क्रमांक त्याला खासगी निरोपातून पाठवा.

तिला न विचारता मी तिच्याविषयी इतके लिहिले याची मला टोचणी लागली होती, म्हणून काल हे सगळे तिला वाचून दाखवले. पुसून टाकू का, असेही विचारले. ती म्हणाली, राहू दे, पण एक दुरुस्ती करा. ती भिंतीकडे पाहत असे ते बाळाकडे पाहायचे नाही म्हणून नव्हे. बाळाकडे पाहिले की त्याला काहीतरी होणार असे डोळ्यांपुढे येई. तिने सांगितल्याप्रमाणे ही दुरुस्ती इथे नोंदवली आहे. पुढची भेट गुरुवारी साडेअकराला आहे.